पिवळ्या गाडीची भूल

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (खरं तर साष्टांग म्हणताना जीभ कचरते. कंबर धरल्यामुळे सध्या माझी फार तर पाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेल्या तीन अंगांचा नमस्कार कंबर सुटली की प्रत्यक्ष येऊन घालीन.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा आवाज बसला होता तो उठला का? आपली कन्या तिकडे सुखरूप पोचली असेलच. तिची मी चौकशी केली असं तिला कळू देऊ नये. फक्त ती वेळेवर जेवते ना, आणि बोलताना मध्येच गप्प होऊन भिंतीकडे बघत बसत नाही ना, एवढं आपण आपलं म्हणून पाहावं. मी इकडे उत्तम आहे. दूध रोज उतू जातं, पण ते माझ्या डोळ्यांदेखत जातं, म्हणजे मी हजर असतो. काल इस्त्री करायला घेतलेल्या शर्टाला आता तीन बाह्या आहेत असं वाटतं. बाकी सर्व क्षेम.

पत्र लिहायला तसं कारण काही नाही. कारण नसताना जावई सासऱ्याला चार पानी पत्र लिहितो तेव्हा शहाण्या सासऱ्यानं काय ओळखायचं असतं ते आपण ओळखालच. पण तसं खरोखरच काही नाही. फक्त एक बातमी माझ्या तोंडून आपल्याला कळावी असं वाटलं. माझा गाडीचा नाद सुटला. समूळ सुटला. दारू सोडलेला माणूस बाटली दिसली की तोंड फिरवतो, तसा मी आता गॅरेजवरून जाताना आकाशाकडे बघत जातो. (त्यामुळेच परवा पायरी चुकून कंबर धरली. म्हणजे हे दुखणंही एका परीनं व्यसनमुक्तीचंच आहे.)

गाड्यांचा आणि माझा संबंध किती नाजूक आहे हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. आपण वाहन परवाना तपासनीस होतात तेव्हा मला दोनदा नापास केलं होतंत, एकदा मागे घेताना झाडाला भेटलो म्हणून आणि एकदा झाडच नसलेल्या बाजूला शोधून भेटलो म्हणून. या माणसाच्या हाती गाडी सोपवू नये असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून दिलंत, आणि पुढे त्याच माणसाच्या हाती मुलगी सोपवलीत. त्या उदारपणाचा मी आजवर अर्थ लावतो आहे. तेव्हा ही हकीकत ऐकायचा पहिला मान आपलाच.

माझा धंदा आपल्याला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेआधी माणसाला भूल द्यायची आणि तो शुद्धीवर येईपर्यंत उशाशी बसायचं. या धंद्यात पोटाला मिळतं, पण कीर्ती म्हणून मिळत नाही, कारण पेशंटनं मला पाहिलेलं असतं ते उलटं. तो आडवा, मी त्याच्या डोक्यामागे, म्हणजे त्याच्या लेखी माझी हनुवटी वर आणि कपाळ खाली. बाजारात समोरून आला तर मला ओळखत नाही. असंच एक दिवस खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी माझ्यासमोर आल्या. त्यांना कमरेखालची भूल दिली होती. कमरेखालचा भाग गाढ झोपला, पण वरचा भाग, त्यातही जीभ, टक्क जागी. शस्त्रक्रिया संपेस्तोवर त्या माझ्याशी बोलत राहिल्या. त्यांच्या यजमानांची एक छोटी गाडी होती, जपानी बनावटीची, दोन दारांची, शर्यतीची. ते गेल्यापासून शेडमध्ये चादर पांघरून उभी होती. विकायचं मन होत नव्हतं आणि चालवणारं कुणी नव्हतं. ‘तुमच्यासारखाच सज्जन चेहरा होता हो त्यांचा,’ माझ्या उलट्या चेहऱ्याकडे टक लावून त्या म्हणाल्या. मामा, आजवर माझ्या चेहऱ्याबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. मी विरघळलो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या खुब्याची चौकशी करायला म्हणून घरी गेलो, जाता जाता गाडी नुसती पाहू म्हटलं, पाहायला काय जातंय, आणि संध्याकाळी टेम्पोला दोर बांधून ती ओढत घरी घेऊन आलो. मी आजींना दिलेली भूल दोन तासांत उतरली होती. त्यांनी मला दिलेली उतरायला दीड वर्ष लागलं.

गाडी पिवळी आहे. लिंबासारखी पिवळी नव्हे. तपकिरी ठिपके पडायला लागलेल्या केळ्यासारखी. (ठिपके गंजाचे.) असल्या दोन दारांच्या बुटक्या गाडीला कूपे म्हणतात. मामींना मी फोनवर ‘कूपे घेतली’ असं सांगितलं तेव्हा त्यांना कूप ऐकू आलं आणि ‘विहीर कशाला घेतलीत?’ असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी हसलो, पण आत बसल्यावर कळलं की मामींचंच बरोबर होतं. तीत उतरावं लागतं, आणि उतरलेला माणूस वर यायला दोर मागतो. मी आत बसून डराव डराव करत असतो आणि जगात याच्यापेक्षा मोठं काही नाही असं मला वाटत असतं. याला आपल्या पूर्वजांनी कूपमंडूक हा शब्द आधीच करून ठेवला आहे. मागे एक सीट आहे असं कागदोपत्री म्हणतात, पण तिच्यावर एक छत्री बसते, तीही मिटलेली. बैठक इतकी खाली की सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या कुत्र्याची आणि माझी नजरानजर झाली आणि दोघांपैकी कुणालाही मान वर किंवा खाली करावी लागली नाही.

‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ म्हणतात. माझ्याकडे एकदम साठ-सत्तर घोड्यांची ताकद आली, आणि सगळी घोडी म्हातारी. रोज एखादं बसायचं. एखादा सुटा भाग लागला की तो समुद्रापलीकडून मागवायचा, तोवर दुसरा मोडायचा. गाडीबरोबर एक जपानी पुस्तिका मिळाली होती, ती लावण्यासाठी मी शब्दकोश घेऊन बसू लागलो. काही वाक्यं चांगली पाठही झाली. मध्यंतरी आमच्या इस्पितळाला एका जपानी डॉक्टरांनी भेट दिली तेव्हा मी पुढे होऊन, कमरेत वाकून, अस्खलित जपानीत त्यांना म्हणालो, ‘इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. पट्टा बोटानं दाबून पाहावा.’ त्यांनीही वाकून नमस्कार केला. मग दिवसभर ते माझ्यापासून एक खोली दूर राहिले आणि दोनदा स्वतःचा कंबरपट्टा चाचपताना दिसले.

गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे तर मला पेशंटच्या नातेवाइकाचे भोग भोगावे लागले. आयुष्यभर मी ऑपरेशन थिएटरच्या आतल्या बाजूला; आता शेडबाहेरच्या बाकावर बसून आतल्या ठोकाठोकीवरून अंदाज बांधू लागलो. मिस्त्री हात पुसत बाहेर यायचा. मी उठून उभा राहायचो. तो आधी चहा प्यायचा, मग म्हणायचा, ‘आत्ताच काही सांगता येणार नाही. रिस्पॉन्स कसा देते बघू.’ हीच दोन वाक्यं मी किती लोकांना किती वर्षं ऐकवली, आणि त्यांना ती ऐकून किती बरं वाटत असेल असं मी समजत होतो!

या सगळ्यात आपल्या कन्येनं काय केलं म्हणाल तर पहिले सहा महिने काहीच केलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे खांदे-गुडघे सोडवून घरी येते, तर घरी मी गाडीतून बाहेर पडताना अडकलेला. माझी मान, माझी पाठ, माझी पोटरी असं तिनं क्रमाक्रमानं सोडवलं. डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग (इंजिनाला ठिणगी वाटून देण्याचं काम तो करतो) आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. त्याच्या टोपणाखाली फिरणारा रोटर नावाचा बाटलीच्या बुचाएवढा तुकडा कसा महत्त्वाचा, तो नसला तर अख्खी गाडी कशी दगड, हे मी तिला जेवताना रोज समजावून सांगत असे. ती ‘मीठ दे’ म्हणायची. मी मीठ द्यायचो आणि पुढे सांगायचो. आमच्या इस्पितळात तर एक विनोदच झाला होता की माझ्याकडचं औषध संपलं तर नुसता मला गाडीबद्दल बोलायला लावावं, पेशंट झोपतो.

एवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या सर्जनांनी तसलीच गाडी घेतली. त्यांना आपण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला भेटला होतात. उंच, देखणे, आणि जेवताना तुकडे फार सुरेख करणारे. मी ज्यांना झोपवतो त्यांना ते कापतात, असा आमचा बारा वर्षांचा संसार. त्यांनी माझी गाडी पाहिली, हसले, आणि महिन्याभरात तांबडी घेऊन आले. त्याच घराण्यातली, त्याच वयाची, पण बिनठिपक्यांची. त्या दिवसापासून थिएटरात शांतता म्हणून राहिली नाही. मध्ये हिरवा पडदा, पलीकडे ते, अलीकडे मी, आणि पडद्यावरून इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणाऱ्या कार्ब्युरेटरबद्दल वाद. एकदा पेशंट जागा होता, गुडघ्याचं काम चाललं होतं. सर्जन म्हणाले, ‘तुमचं इंजिन उघडून पाहा एकदा, आत सगळं झिजलंय.’ त्यावर पेशंट रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्ही तर म्हणाला होतात फक्त गुडघा आहे!’ शेवटी मुख्य नर्सबाईंनी सक्त ताकीद दिली की थिएटरात चाक, तेल आणि घोडे हे शब्द उच्चारायचे नाहीत. मग आम्ही भुवयांनी भांडू लागलो.

जुन्या गाड्यांचं इथे एक मंडळ आहे. अध्यक्ष बेकरीवाले आहेत. वर्षातून एकदा एका डोंगराचा रस्ता सकाळभर बंद करून मंडळ चढाची शर्यत भरवतं. गाड्या एकामागून एक, मध्ये थोडं अंतर ठेवून सोडतात. खालून वर कोण किती वेळात पोचतो ते पाहतात. प्रत्येक गाडीत माणसं दोन हवीत. एक चालवणारा आणि दुसरा वळणांचा कागद मांडीवर घेऊन ‘पुढे डावीकडे, मग एकदम आवळतं’ असं मोठ्यानं वाचणारा. लहान इंजिनांच्या गटात या वर्षी दोनच गाड्या होत्या, एक पिवळी आणि एक तांबडी. आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी आपल्या कन्येला विचारलं. तिनं मान वर न करता विचारलं, ‘मी गप्प बसायचं की बोलायचं?’ मी म्हटलं, ‘बोलायचं. मोठ्यानं.’ ती म्हणाली, ‘मग येते.’

आणि मामा, ती काय वाचते! सरावाला गेलो तेव्हा मला प्रथम कळलं. आवाज चढत नाही, शब्द वाया जात नाही, आणि वळण यायच्या नेमकं आधी सांगते. ‘उजवं येतंय. सोड. अजून सोड. आता घे.’ ताठरलेला खांदा सोडवताना ती जशी बोलते, अगदी तशी. तिनं सांगितलं तिथे सोडलं की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. मी मात्र निम्म्या वेळा तिच्याशी वाद घालायचो. ‘हे वळण तितकं आवळतं नाही.’ ती म्हणायची, ‘बरं.’ आणि मग आम्ही गवतात.

शर्यतीच्या दिवशी तांबडी गाडी आमच्या आधी सुटली. सर्जनांच्या शेजारी त्यांचा मेहुणा होता, घरांची दलाली करणारा, भरदार देहाचा. मागून आम्ही निघालो. अर्ध्या चढापर्यंत सगळं उत्तम होतं. एका वळणावरून वर आलो तर समोर तांबडी गाडी कडेला उभी, दोन्ही दारं उघडी, मेहुणा गवतात उताणा आणि सर्जन त्याला हेल्मेटनं वारा घालताहेत. वळणांनी त्याला घेरी आली होती. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. माझ्या मनात आलं, जिंकलो.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘तो माणूस आडवा पडलाय.’

‘त्याच्याजवळ सर्जन आहेत की.’

‘त्याला कापायचं नाहीये. थांब.’

मी तिला समजावलं, की या चढावर थांबलो तर आपली गाडी पुन्हा निघायची नाही, पुढे सपाटी आली की थांबतोच. (हे शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गैरकृत्यांना असाच शास्त्रीय आधार आहे.) त्या ठिकाणी चढ असा की पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी कुथत होती. म्हातारा माणूस काठी टेकत शेजारून पुढे गेला असता. मग ते वळण संपलं आणि गाडी एकाएकी हलकी झाली. सरसर वर जाऊ लागली. मिस्त्रीनं आदल्या दिवशी कार्ब्युरेटरला हात लावला होता, त्याचा गुण आला म्हणून मला आनंदाचं भरतं आलं. हेल्मेटमुळे बाजूचं दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, पण मी बोलत होतो. वळणं वाचायची ती थांबली होती, त्यावरून रुसली असावी असं मी ताडलं आणि तिची समजूत काढायला लागलो. मी म्हणालो, की रागावू नकोस. म्हणालो, की तुझ्यासारखं वाचणारं या डोंगरात कुणी नाही. म्हणालो, की बघ, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू माझं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतेयस, यालाच म्हणतात सहजीवन. असं बोलत बोलत मी शिखरावर पोचलो.

बेकरीवाल्या अध्यक्षांनी खिडकीतून आत डोकावून विचारलं, ‘दुसरं माणूस?’

मी ऐटीत शेजारी हात केला. शेजारी पाण्याची बाटली होती.

‘होती,’ मी म्हणालो. ‘आत्तापर्यंत होती.’

‘नियमात बाटली बसत नाही,’ अध्यक्ष म्हणाले.

मामा, त्या गाडीचं दार मुळातच नीट लागत नाही. रस्त्याच्या एका अंगाला दरी. शर्यत चालू असेपर्यंत गाडी उलटी खाली नेता येत नाही, म्हणून मी गाडीतून बाहेर पडलो (कसा पडलो ते आठवत नाही, एरवी मला पाच मिनिटं लागतात) आणि डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून उतारावर पळत सुटलो. तिच्या नावानं ओरडत होतो, आणि हेल्मेटमुळे तो आवाज मला एकट्यालाच ऐकू येत होता. त्या पळण्यात मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर आपल्याला वाटेल की जावई दिसतो त्यापेक्षा बरा आहे, आणि हे पत्र त्यासाठी नाही.

दोन वळणं खाली गेलो आणि समोरून तांबडी गाडी आली. सर्जन चालवत होते, आणि शेजारी आपली कन्या, मांडीवर कागद, खणखणीत आवाजात सांगते आहे, ‘डावं येतंय. सोडा. कडेनं एक वेडा पळतोय, त्याला सांभाळा. आता घ्या.’ गाडी सुसाट वर गेली. मी तिथेच रस्त्याकडेला बसलो. ती जिवंत होती म्हणून रडू आलं, आणि त्याच क्षणी, मामा, त्याच क्षणी मला हेही दिसलं की सर्जनांनी ते वळण माझ्यापेक्षा चांगलं घेतलं.

नंतर समजलं ते असं. मी थांबत नाही म्हटल्यावर ती गाडी चालू असताना उतरली. वेग असा होता की उतरायला धाडस लागलं नाही, सरकत्या जिन्यावरून उतरावं तशी उतरली. तिनं मेहुण्याची मान ठरावीक कोनात वळवून, त्याला आडवा करून, दुसऱ्या कुशीवर वळवून त्याच्या कानातला गोंधळ जागेवर बसवला; घेरी थांबली, पण तो म्हणाला, मी आता या जन्मात गाडीत बसणार नाही. तो तिथे वळणावर उभ्या असलेल्या मंडळाच्या झेंडेवाल्यापाशी बसून राहिला. गाडीत दोन माणसं हवीत असा नियम आहे, कुठली दोन ते लिहिलेलं नाही. एवढा वेळ गवतात घालवूनही तांबडी गाडी गटात पहिली आली, कारण दुसरी होती ती मोजलीच गेली नाही. सर्जनांना एक कप मिळाला आणि वळणं वाचणाऱ्याला एक. आपल्या कन्येचा कप सध्या आमच्या न्हाणीघरात आहे. त्यात ती टूथब्रश ठेवते. माझा ब्रश आरशाखाली आडवा असतो.

इथवर माझं चुकलं ते मूर्खपणानं. पुढचं मी जिभेनं केलं. घरात पाऊल टाकल्यावर मी तिला म्हणायला हवं होतं की तुला काही झालं असं वाटून माझा जीव गेला होता. त्याऐवजी मी म्हणालो, ‘तू फितूर झालीस.’ ती पाणी पीत होती. पेला खाली ठेवून म्हणाली, ‘मी उतरले. तू बोलत राहिलास.’ एवढंच. आवाज चढवला नाही. तिनं चार भांडी आपटली असती तर मी दोन तासांत बरा झालो असतो.

त्यानंतर घरात आम्ही फक्त गॅस, किल्ली आणि दूध या विषयांवर बोललो. गुरुवारी सकाळी मी गाडीखाली उताणा पडून एक नळी ठोकत होतो, तेव्हा मला चाकांच्या मधून तिच्या चपला दिसल्या, शेजारी बॅगेची चाकं दिसली, चपला थोडा वेळ थांबल्या, आणि एक शब्द न बोलता फाटकाबाहेर निघून गेल्या. मी बाहेर सरपटेपर्यंत रिक्षा कोपऱ्यावर वळली होती. मग माझ्या लक्षात आलं की ती माहेरी गेली. आणि तेव्हाच मी शुद्धीवर आलो. एवढ्या लोकांना शुद्धीवर येताना पाहिलं, सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, ‘झालं का?’ मीही त्या रिकाम्या फाटकाकडे बघून तेच विचारलं.

तर असा माझा नाद सुटला. गाडीवर पुन्हा चादर घातली आहे. शब्दकोश वाचनालयाला परत केला. सर्जनांशी आता मी फक्त पेशंटच्या नाडीबद्दल बोलतो. आपण काळजी करू नये, आणि आपल्या कन्येलाही हे पत्र दाखवू नये. मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
जावई

ता. क. एक अगदी किरकोळ गोष्ट राहिली. आपल्या कन्येच्या पर्समध्ये, बहुधा आतल्या चेनच्या कप्प्यात, एक तपकिरी, बाटलीच्या बुचाएवढा तुकडा असेल. तो रोटर आहे. ती गेली त्याच दिवशी मी टोपण उघडून पाहिलं (सहज, चादर घालण्यापूर्वी) तर जागा रिकामी. तिनं बरोबर तोच तुकडा काढून नेला, यावरून मी जेवताना सांगायचो ते ती ऐकत होती हे सिद्ध होतं. मला तो चालवायला नको आहे. माणूस गेला तरी त्याचे दात जागेवर असावेत, तशी नुसती भावना आहे. तिच्या नकळत काढून टपालानं पाठवलात तर उपकार होतील. कापसात गुंडाळावा.

ता. क. दुसरं. पुढच्या महिन्यात पलीकडच्या डोंगरावर शर्यत आहे. काल थिएटरबाहेर सर्जन फोनवर म्हणत होते, ‘वहिनी, तुम्ही नुसतं हो म्हणा.’ त्यांना सख्खी वहिनी नाही, वहिनी म्हणतात ते फक्त आपल्या कन्येला. म्हणजे ही वहिनी कोण ते उघड आहे. ती हो म्हणण्याआधी कृपया तिला एखाद्या कामात गुंतवावं. माळा आवरायला घ्यावा.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. वरची दोन्ही फाडून टाकणार होतो, पण कागदाच्या दुसऱ्या बाजूला आपल्या गुडघ्याची चौकशी आहे. मामा, खरं सांगतो. मी चालवत असताना गाडी गवतात जायची, ती सांगायची तेव्हा रस्त्यावर राहायची. मग गाडी तिनंच का चालवू नये? चाक तिच्या हातात, मी शेजारी. वळणं मी वाचीन. तिनं सोड म्हटलं की सोडीन. आणि ती गाडीत आहे की नाही हे मी दर वळणाला मान वळवून पाहीन. एवढं तिला सांगा. रोटर नाही पाठवलात तरी चालेल.

बाबा, हे पुढचं मी लिहितेय. आज सकाळीच तुमच्याकडून निघून दुपारी घरी पोचले, तर हा टेबलावर पत्र ठेवून पाकीट शोधायला आत गेला होता. वाचलं सगळं. मी रुसून माहेरी आले नव्हते, हे तुम्हाला माहीतच आहे. आईची दाढ काढायची होती म्हणून आले होते, आणि निघताना मी गाडीशी उभं राहून तसं दोनदा सांगितलं होतं. खालून हा हातोडी आपटत ‘हं, हं’ म्हणाला. राग होता, पण तो मी बरोबर आणला नव्हता, घरीच ठेवला होता. येऊन पाहते तर यानं तो ओल्या टॉवेलसारखा चार दिवस अंगावर घेतलेला. रोटर माझ्याकडे कधीच नव्हता. आत्ता धुवायचे कपडे काढताना याच्या थिएटरच्या डगल्याच्या खिशात सापडला, स्वच्छ पुसून, कापसात गुंडाळलेला. सर्जनांना मी नाही म्हणून कळवलंय. ते चालवताना गुणगुणतात.

याला यातलं काही सांगितलेलं नाही. पाकीट मीच चिकटवते. पण हे पत्र मात्र जपून ठेवा बाबा, शक्यतो कपाटात, कुलपात. गाडी मी चालवायची असं यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, आणि डॉक्टरचं अक्षर असूनही वाचता येतंय.